ठकूमायच्या छपरीतली जागा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा घाटात बैलांच्या खुरांनी पाडलेली तेवढी एक वाट होती, आणि राज्य कुणाचं आहे हे माथ्यावरच्या माणसांना वर्षभरानं कळायचं.

त्या घाटाच्या माथ्यावर एक गाव होतं. सगळं धुक्याचं गाव. सकाळी शेजाऱ्याचं घर दिसायचं नाही, घरातला खोकला तेवढा ऐकू यायचा.

त्या गावात लखमा नावाचा एक मीठवाला भाड्यानं राहायला आला. त्याचं मूळ घर खाली समुद्राकाठी. तिथून मिठाच्या गोण्या गाडीत भरायच्या, बैलांना गोंजारत घाट चढायचा आणि माथ्यावरच्या वाड्यावस्त्यांत मीठ विकायचं, असा त्याचा धंदा. माणूस सरळ. बोलायला लागला तर आधी थोडा हसायचा आणि मग बोलायचा.

आता मिठाचं एक असतं. ते उन्हाला भीत नाही, चोरालासुद्धा फारसं भीत नाही. पण दवाला भितं. एक रात्र धुक्यात उघडं राहिलं की गोणीला घाम फुटतो, सकाळी खाली खारट पाणी ठिबकत असतं, आणि ठिबकलेलं मीठ काही कुणाला गोळा करता येत नाही. म्हणून लखमाला खोलीपेक्षा छपरीची गरज जास्त होती.

अशी छपरी गावात एकाच घराला होती. ते घर ठकूमायचं.

ठकूमाय म्हणजे गावाची सुईण. त्या मुलखातली निम्मी माणसं पहिल्यांदा रडली ती तिच्याच हातांवर. नवरा गाडीवान होता, तो गेला आणि त्याची गाडी ठेवायची छपरी तेवढी मागं राहिली. वर जाड गवत, तिन्ही बाजूंनी कुडाच्या भिंती, खाली घट्ट चोपलेली जमीन. आत दव शिरायचं नाव नाही.

ठकूमाय लखमाला म्हणाली, "खोलीचं भाडं तुला जमेल ते दे. छपरीचं भाडं मात्र मी सांगेन ते. माझे गुडघे गेलेत. वस्तीवरून बाळंतपणाचं बोलावणं आलं की छपरीतली गाडी जुंपायची आणि मला न्यायचं. मग ऊन असो की चिखल."

लखमानं आनंदानं मान डोलावली. त्याची बायको येसू हिनं छपरी शेणानं सारवून काढली. पहिले काही महिने फार सुखाचे गेले. मीठ कोरडं राहिलं, गिऱ्हाईक वाढलं. येसूनं दारापुढं वाल पेरले, म्हणजे हे गाव आता आपलं, असं तिनं मनाशी ठरवलंच म्हणायचं.

पण शेजारी होता रायाजी.

रायाजी वाईट नव्हता बरं का. खाऊनपिऊन सुखी होता, आणि त्यानं नवी दमणी घेतली होती. दमणी म्हणजे माणसांना बसायची हलकी, छत असलेली, नटवलेली बैलगाडी. रायाजीच्या दमणीला हिरवा-लाल रंग होता, पितळी घुंगरं होती, आणि बसायला गादी होती. तिला तो दिवसातून इतक्यांदा पुसायचा की त्याची बायको म्हणायची, एवढं कधी मला विचारलं नाहीत.

लखमा एकदा मीठ आणायला खाली गेला. परत आला तर छपरीत दमणी.

लखमा थोडा हसला आणि म्हणाला, "रायाजीदादा, गोण्या भरलेल्या आहेत. जागा द्या."

रायाजी म्हणाला, रिकामी होती म्हणून लावली, आत्ता काढतो. ते आत्ता संध्याकाळी आलं. पुढच्या खेपेला दुसऱ्या दिवशी आलं. मग त्याला कारणं सुचू लागली. एकदा बैल चरायला गेले होते. एकदा पाठीत उसण भरली होती. एकदा तर म्हणाला की दमणीच्या आत मांजर व्यालंय, पिलांचे डोळे उघडेपर्यंत गाडी हलवणं पाप आहे. लखमानं वाकून पाहिलं. आत मांजर नव्हतं, रायाजीचं पागोटं होतं.

आणि मीठ अंगणात घाम गाळत राहिलं.

लखमा पाटलाकडे गेला. पाटलानं सगळं नीट ऐकलं, तपकीर ओढली, शिंकला, आणि दोघांनीही शेजारधर्म सांभाळावा असा न्याय दिला. त्यावर रायाजीनं शेजारधर्म म्हणून लखमाला एक जुनं घोंगडं दिलं, गोण्यांवर टाकायला. घोंगड्याला भोकं होती.

येसूचा धीर सुटत चालला. ती नवऱ्याला म्हणाली, "आणखी एक गाडी अशी वितळली ना, की आपल्याला खाली परत जावं लागेल. भाडं आपण भरायचं आणि छपराखाली त्यांची घुंगरं झोपणार. तुम्ही नुसते हसा."

लखमाला त्या दिवशी खरंच हसू आलं नाही. तो ठकूमायकडे गेला आणि म्हणाला, माय, छपरी तुझी आहे, तूच त्याला सांग.

ठकूमाय सुपात तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "सांगून ऐकणारा असता तर तुझं ऐकलं असतं. तू भांडू नकोस. गाडी कुणाची ते मी कधी बघतच नाही. बोलावणं आलं की छपरीतल्या गाडीत बसते, बस."

चारेक दिवसांत बोलावणं आलं. त्या मुलखाची रीत अशी, की सुईणीला बोलवायला येणारा माणूस हातात कडुनिंबाची डहाळी धरून धावत यायचा, म्हणजे वाटेत त्याला कुणी अडवायचं नाही, आणि सुईणीनं गाडी मागितली तर नाही म्हणायचं नाही. म्हटलं तर गावात तोंड दाखवायची चोरी.

ठकूमाय आपलं गाठोडं घेऊन निघाली, छपरीत शिरली आणि दमणीच्या गादीवर जाऊन बसली. रायाजी धावत आला. म्हणाला, माय, ही माझी गाडी, भाडं तर लखमाचं आहे.

ठकूमाय म्हणाली, "भाडं छपरीचं आहे. जुंप."

रायाजीनं जुंपली. वस्ती ओढ्यापलीकडे होती. संध्याकाळी दमणी परत आली तेव्हा हिरवा रंग कुठला आणि लाल कुठला ते ओळखू येत नव्हतं, आणि रायाजीच्या मिशीलाही चिखल होता. अख्खी गल्ली ओट्यावर येऊन बघत होती. येसू कधी नव्हे ती पदरात तोंड घालून हसली.

तुम्हाला वाटेल, आता रायाजी शहाणा झाला. नाही हो. शहाणा झाला असता तर गोष्ट इथंच संपली असती. तो हुशार झाला.

त्यानं काय केलं, दमणी छपरीतच ठेवायची पण एक डोळा टेकडीवर ठेवायचा. डहाळीवाला माणूस उतरणीवर दिसला रे दिसला, की हा बैल जुंपून दमणी बाहेर काढायचा आणि जाता जाता ओरडून सांगायचा, लखमा गड्या, तुझी जागा मोकळी केली बरं का. मग थेट गावाबाहेरच्या बांबूच्या बेटामागं जाऊन बसायचा. लखमा बिचारा आपली गाडी छपरीत ढकलेपर्यंत ठकूमाय तिच्यात बसलेली असायची. आणि लखमा तिला पोचवून परत येई, तोवर छपरीत पुन्हा घुंगरं.

म्हणजे छपराची ऊब रायाजीला आणि छपराचं काम लखमाला.

ठकूमायनं हे पाहिलं. लखमानं रायाजीला सांगणं सोडलं. फक्त येसूनं एक दिवस रिकाम्या गोण्या मोजून एका बाजूला बांधून ठेवल्या, आणि लखमा समजला की ती परत जायची तयारी करतेय.

मग ती सकाळ उजाडली. लखमा पहाटेच घाट चढून आला होता. गाडी मिठानं गच्च भरलेली, धुकं दाट, आणि छपरीत दमणी. एवढ्यात उतरणीवर पावलं वाजली. धुक्यातून आधी हिरवी डहाळी दिसली, मग धरणारा हात. रायाजीला तेवढंच पुरे होतं. माणूस पुरता दिसायच्या आत दमणी घुंगरं वाजवत पार झाली.

डहाळीवाला माणूस आला तो थेट रायाजीच्या दारात. रायाजीची लेक मैना डोंगराआडच्या गावात दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं म्हणून दुसरं सासरीच होणार होतं. अजून पंधरवडा अवकाश आहे असं सगळे धरून चालले होते. पण बाळानं कुणाला विचारलं नव्हतं. पहाटेपासून मैनाला कळा येत होत्या, आणि बाळ आडवं होतं.

रायाजीची बायको दारातच खाली बसली. लखमा बांबूच्या बेटाकडे धावला आणि रायाजीला हाका मारू लागला. रायाजीला हाका नीट ऐकू गेल्या. पण त्याला वाटलं, हा आपल्याला पकडून कामाला लावायला आलाय. म्हणून लखमाची हाक जितकी मोठी झाली, तितका तो दमणी घेऊन बेटाच्या आत आत सरकत गेला. तिथं बोरीचं झाड होतं. तो बोरं खात बसला.

लखमा परत आला. गाडीत मीठ होतं, बैल दमलेले होते. मिठाचं ओझं घेऊन वेळेवर पोचणं शक्य नव्हतं, आणि गोण्या छपरीत रचत बसायला वेळ नव्हता. त्यानं येसूकडे पाहिलं.

येसू म्हणाली, "बघताय काय. टाका खाली."

त्यानं गोण्या धुक्यात, ओल्या अंगणात ढकलून दिल्या. ठकूमाय चढली, रायाजीची बायको चढली, आणि लखमानं बैलांना असं काही सांगितलं की ते दमलोय हे विसरूनच गेले.

मैनाच्या सासरी पोचले तेव्हा सगळं घर अंगणात उभं होतं. ठकूमाय आत गेली. तिच्या म्हाताऱ्या हातांनी आत काय केलं ते तिचं तिला ठाऊक. बाहेरच्यांना आधी मैनाचं ओरडणं ऐकू आलं, मग काहीच ऐकू येईना, आणि मग एकदम असं खणखणीत रडणं, की छपरावरचे कावळे उडाले. मुलगी झाली होती. मैनाही सुखरूप होती.

त्या घरची रीत होती, बाळाला पहिला मध माहेरच्या पुरुषानं चाटवायचा. सासऱ्यानं विचारलं, रायाजीबुवा कुठं आहेत. रायाजीच्या बायकोनं मान खाली घातली. मग सासरा म्हणाला, माहेरची गाडी ज्यानं हाकली तो माहेरचाच.

लखमा संकोचानं पुढं झाला. ठकूमाय म्हणाली, "आधी हात धू. नाहीतर पोरगी जन्मभर खारट बोलेल."

सगळे हसले. लखमानं हात दोनदा धुतले आणि बोटाच्या टोकानं बाळाच्या ओठांना मध लावला. बाळानं ते बोट असं चोखलं, की लखमाला वितळलेल्या मिठाची आठवणसुद्धा राहिली नाही.

इकडे दुपार कलल्यावर रायाजी बेटातून निघाला. येऊन बघतो तर छपरी गोण्यांनी भरलेली. येसूनं एकटीनं सगळ्या ओढून आत नेल्या होत्या, तळच्या तेवढ्या ओलावल्या होत्या. रायाजी तिला म्हणाला, आता माझी दमणी कुठं लावू. तेवढ्यात लखमाची गाडी आली. रायाजीची बायको उतरली आणि गल्लीतल्या प्रत्येकाच्या हातावर गूळखोबरं ठेवत गेली. नवऱ्याच्या हातावर सगळ्यांत शेवटी ठेवलं.

"कुणाकडचं?" रायाजीनं विचारलं.

"मैनाला मुलगी झाली. बाळ आडवं होतं. लखमाभावजींनी मध चाटवला."

रायाजीच्या हातातलं खोबरं हातातच राहिलं. तो म्हणाला, "मला हाक मारायची."

"मारली होती," लखमा म्हणाला. "बेटापर्यंत येऊन मारली."

रायाजी खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, दुसऱ्या कुणाकडचं बोलावणं आहे."

कुणी त्याला टोचून बोललं नाही. ठकूमायसुद्धा नाही. ती त्याच्याजवळ बसली आणि नातीचं नाक कसं आहे, केस किती आहेत, रडली किती जोरात, हे सगळं त्याला पुन्हा पुन्हा सांगत राहिली. तो डोळे पुसत ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो दमणी जुंपून नातीला बघून आला. आल्यावर पागोटं बाजूला ठेवलं आणि आपल्याच भिंतीलगत खांब पुरायला लागला. गवत शाकारायला लखमा न बोलावता वर चढला. नवी छपरी जराशी वाकडी झाली, पण रायाजीनं तिलाही दमणीसारखंच लाडानं जपलं. मग त्यानं आपण होऊन ठकूमायला सांगितलं, की एक बोलावणं लखमाचं, एक माझं. ठकूमायचे गुडघे सुखावले. लखमाचं मीठ कोरडं राहिलं. येसूनं बांधून ठेवलेल्या गोण्या सोडल्या आणि वालाला मांडव घातला.

एवढंच ध्यानात ठेवा, लहानांनी आणि मोठ्यांनीही: दुसऱ्याच्या जागेचं सुख लुटून तिचं काम चुकवणारा एक दिवस आपल्याच माणसांपासून लपून बसतो.