गुंजा आणि बिननावाचं जनावर

डोंगराच्या कुशीत, जिथे धुकं रोज सकाळी गवताच्या पात्यापात्यावर मोती ठेवून जातं, तिथे कुसरघळ नावाचं सतरा घरांचं गाव होतं. सतराव्या घरात गुंजा आणि तिची आई राहायच्या. घर म्हणजे कुडाच्या चार भिंती आणि वर गवत. आई रानातले हिरडे वेचायची, गुंजा ते उन्हात वाळवायची. हिरडे विकले गेले तर भाकरी, नाहीतर उकडलेले कंद.

त्या गावाची एक रीत होती. भीतीच्या जनावराचं नाव घ्यायचं नाही. सापाला ‘लांबडं’ म्हणायचं, वाघाला ‘मोठा’. नाव घेतलं की ते दारात येतं, असं म्हातारी माणसं सांगत.

त्या उन्हाळ्यात देवराईतल्या झऱ्यापाशी कुणाला तरी काहीतरी दिसलं. नीट कुणालाच दिसलं नव्हतं, कारण राईत भर दुपारीही काळोख असे. त्याचं नाव माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी घ्यायचं नव्हतं. मग जो तो आपल्या भीतीप्रमाणे नाव पाडू लागला. भागूआत्या म्हणाली, ‘लांबशेपट्या’. दुसऱ्या दिवशी राईच्या वाटेवर सहा हात लांब शेपटीचा ओरखडा उमटला. गोंदू लोहार म्हणाला, ‘आगडोळ्या’. झाडांच्या आत दोन निखारे पेटले. कुणी म्हणालं, ‘डोंगरपाठ्या’, आणि त्याच संध्याकाळी राईतल्या फांद्या कडाकडा मोडू लागल्या.

गावातली विहीर आटली तेव्हा गुंजाची आई हंडा घेऊन राईत गेली. ती परत आली नाही. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या सकाळी गुंजा उठली आणि चालू लागली.

“अगं ए पोरी, कुठं निघालीस?” भागूआत्या दारातून ओरडली. “त्या आगडोळ्याच्या, डोंगरपाठ्याच्या तोंडात?”

“आत्या, किती नावं घेतेस त्याची!”

“नावं कुठं घेतेय? नाव घ्यायला लागू नये म्हणून तर एवढं बोलायचं!”

“माझी आई आहे आत,” गुंजा म्हणाली. ती चालतच राहिली.

राईच्या तोंडाशी करवंदीची दाट जाळी होती. तिच्यात काहीतरी चमचमत होतं, निळसर, हिरवट, मोरपिसाच्या डोळ्यासारखं. गुंजाने वाकून पाहिलं. बोटाएवढी एक परी! तिचा इवलासा पंख काट्यात अडकला होता.

गुंजाला घाई होती. तरी ती बसली. एकेक काटा तिने हळूहळू बाजूला केला. बोटांवर रक्ताचे लालचुटूक ठिपके उठले, पण पंखाची एक चिमुकली शीरही तुटली नाही.

“किती हळुवार हात गं तुझा,” परी म्हणाली. “मी नावांची परी. तुला तीन नावं देते. ज्याला जे नाव देशील, ते तसं होईल. पण नीट ऐक. डोळ्यांनी पाहिलंस तेच नावात घालायचं. ऐकीव गोष्ट घातलीस तर तीही खरी होईल. आणि दिलेलं नाव परत घेता येत नाही. त्याहून खरं नाव सापडलं, तरच ते गळून पडतं.”

“मग गावातल्यांनी दिलेली नावं कशी खरी झाली?”

“सगळं गाव मिळून घाबरलं की त्या नावांतही जोर येतो,” परी उसासा टाकून म्हणाली. “सगळ्या बोलींत असंच चालतं, बाळ. नवीन काही दिसलं की माणसं ओळखीचे तुकडे जोडतात. इराणात शहामृगाला उंटपक्षी म्हणतात. चीनमध्ये घुबडाला मांजरडोक्या गरुड. आणि बर्फाच्या मुलखात अस्वलाची इतकी भीती, की लोक त्याला नुसतं मधखाऊ म्हणू लागले. त्याचं जुनं नाव तिथे आता कुणालाच आठवत नाही.”

“बिचारं अस्वल!” गुंजा म्हणाली, आणि परीला खांद्यावर घेऊन राईत शिरली.

आत थंडगार अंधार होता. पानसुद्धा हलत नव्हतं. गुंजा एकेक पाऊल मोजत होती, म्हणजे भीती कमी वाटेल. चाळिसाव्या पावलाला आवाज आला. कर्रर्र... कर्रर्र...

“दात!” तिच्या तोंडून निघून गेलं. “कातरदात्या!”

अंधारात सर्रकन सुळे उगवले, विळ्यांसारखे पांढरे. गुंजाने तोंडावर हात दाबला.

“पाहिलं नव्हतंस ना?” परी हळूच म्हणाली. “एक नाव गेलं.”

तेवढ्यात पुढून क्षीण हाक आली. “गुंजे... तू आहेस का?”

“आई!”

झऱ्याकाठी एक प्रचंड झाड होतं. त्याच्या ढोलीत आई लपली होती. आणि ढोलीच्या तोंडावर डोंगराएवढं ते जनावर पसरलं होतं. शेपटीचा विळखा झाडाभोवती, सुळे मातीत रुतलेले, डोळे धगधगते. जागचं हलत नव्हतं. आईला बाहेर येता येईना, झरा दहा हातांवर असून पाणी मिळेना.

“पोरी, पळ!” आई म्हणाली. तिचा आवाज वाळक्या पानासारखा झाला होता.

गुंजा पळाली नाही. तिने त्या डोळ्यांत पाहिलं. निखारे होते खरे, पण त्यांच्या कडांतून पाणी ओघळत होतं.

“ओलडोळ्या,” ती पुटपुटली.

चर्रर्र! निखारे विझले. मागे उरले दोन मण्यांसारखे काळे, भिजलेले डोळे. पण सुळे तसेच, पाठ तशीच.

“आता एकच नाव,” परी म्हणाली. “हवं तर आईला दे. तिला पाखरू म्हण, ती उडून बाहेर येईल. तू तिला पाखरू झालेलं पाहिलं नाहीस, म्हणजे ते नाव खोटंच; पण त्याचा त्रास तुम्हा दोघींपुरताच राहील. हे जनावर मात्र कायमचं असंच.”

“म्हण गं, पाखरू तर पाखरू!” आई म्हणाली. “निदान तुझ्या खांद्यावर बसेन.”

गुंजाच्या ओठांवर तो शब्द आला. पण ते काळे डोळे तिच्याकडेच बघत होते. दात घट्ट आवळून ती पुढे झाली. सात पावलं. सहा. सुळ्यांचा गार वास नाकात शिरला. तीन. हात लांब करून ती जनावराला शिवली.

ते लटलट कापत होतं. अंगावर खवलेच खवले, एकावर एक, आणि कापताना तेच एकमेकांवर घासत होते. कर्रर्र. गुंजाने आणखी वाकून पाहिलं. पोटाच्या घडीत एक पिल्लू होतं, गुलाबीसर, मऊ खवल्यांचं, मुठीएवढं. जनावर आईला अडवून बसलंच नव्हतं. ते आपल्या पिल्लाभोवती अंग वळवून लपलं होतं, चुलीशी मांजर वेटोळं करतं तसं.

“घाबरू नकोस,” गुंजा म्हणाली. “तू तर खवल्या मांजर!”

सुळे विरघळले. तोंडात एकही दात उरला नाही. डोंगर खाली खाली बसत गेला आणि हातभर लांबीचं एक तपकिरी जनावर उरलं. पिल्लू त्याच्या शेपटीवर चढून बसलं. वाटेतल्या मुंग्या लांब जिभेने चाटत दोघं झुडपात निघून गेली.

आई ढोलीतून रांगत बाहेर आली. गुंजाने तिला घट्ट धरलं.

“तुझी तीन नावं संपली, आता एक माझ्यासाठी सांगशील?” खांद्यावरून परी म्हणाली. “मला शंभर बोलींत शंभर नावं आहेत. कुणी पंखवाली म्हणतं, कुणी दवातली बाई. तुला मी कशी दिसते?”

गुंजाने तिच्याकडे पापणी न हलवता पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

“पाण्यावरच्या उन्हासारखी.”

परी खुदकन हसली. तिचे पंख आधी सोनेरी झाले, मग पांढरेशुभ्र, आणि लख्खकन तिचा सगळा उजेड झाला. काळोख्या राईत पहिल्यांदाच झऱ्यावर ऊन नाचू लागलं.

आई काठाशी बसली. तिने ओंजळ बुडवून वर उचलली, तेव्हा तिच्या हातांत पाणी होतं आणि पाण्यात ऊन.