खोकणारा पोपट

फार फार पूर्वीची गोष्ट. पोपट पाळायची हौस तेव्हा नुकतीच घराघरांत शिरली होती. एका गावात एक सासू होती. मनाची वाईट नव्हती हो, पण संशयाची भारी! दूध उतू गेलं तरी तिला वाटे, कुणीतरी मुद्दाम घालवलं.

त्या श्रावणात सुनेने व्रत धरलं. पहाटे उठल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मौन. आणि रोज पहाटे ती पदराखाली एक वाटी झाकून बाहेर जाई. सासूने ते पाहिलं. दुपारी विचारलं, तर सून म्हणाली, "काही नाही हो, सासूबाई."

"काही नाही, तर झाकायचं कशाला?" सासूला घास गोड लागेना.

बाजारात एक पक्षी विकणारा बसे. त्याच्याकडून तिने पोपट घेतला. विकणारा म्हणाला, "बाई, याला तुळशीपाशी टांगा. आधी देवाचं नाव कानावर पडू दे. जे रोज ऐकेल, तेच हा बोलेल."

"मला तेच तर हवंय," असं मनात म्हणत सासूने पिंजरा थेट स्वयंपाकघरात टांगला. रोज ती त्याला मिरची देई आणि खोकत खोकत कानाशी पुटपुटे, "काय म्हणते रे ती? 'लपव, कुणाला सांगू नको,' असंच ना?"

एके दिवशी पोपट बोलला, "लपव, कुणाला सांगू नको!"

"ऐकलंस?" सासूने मुलाला हाक मारली. "पाखरू कशाला खोटं बोलेल? आत्ताच्या आत्ता पोचव हिला माहेरी!"

दारात बैलगाडी जुंपली. नैवेद्य व्हायचा होता. नवरा कळवळून म्हणाला, "अगं, एक शब्द तरी बोल!" सुनेचे डोळे भरले, पण ओठ उघडले नाहीत.

शेजारीण कुंकू लावायला आली. तेवढ्यात आतून आवाज आला, "खॉक खॉक! लपव, कुणाला सांगू नको!"

शेजारीण थबकली आणि सासूला म्हणाली, "वहिनी, तुम्ही तर इथे उभ्या. मग आत खोकलं कोण?"

"पोपट."

"अगंबाई! मग हे बोल त्याला शिकवले कुणी? खोकला तर तुमचा आहे!"

सासूचा हात आपसूक गळ्याशी गेला. ती खाली मान घालून म्हणाली, "बैल सोड रे."

नैवेद्य झाला, पानं वाढली. तेव्हा सून हळूच म्हणाली, "वाटीत माझ्या वाटणीचं तूप असतं, सासूबाई. तुमचा खोकला जावा म्हणून देवळात दिवा लावते. व्रत पुरं होईपर्यंत सांगायचं नव्हतं."

सासूने आपल्या भातावरचं तूप सुनेच्या भातावर घातलं. मग म्हणाली, "उद्या मीही येते दिव्याला."

पिंजरा तुळशीपाशी गेला. पोपट हळूहळू 'हरी हरी' म्हणू लागला. मधेच खोकून 'लपव' म्हणाला, की सासू लाजून हसे, "माझंच ते, बाई, माझंच!"

तात्पर्य एवढंच, बाळांनो: संशयाला दुसऱ्याचं मन ऐकू येत नाही, तो आपलेच बोल आपल्याला परत ऐकवतो. म्हणून पाखराला काय आणि मनाला काय, आधी चांगलं बोलायला शिकवावं.