कीडमुक्त तळ्यातला खेकडा

पूर्वी वेणुमती नगरीत महीसेन राजाच्या राज्यात सारे आलबेल असताना, म्हणजे राजाच्या कानावर तसे घातले जात असताना, बोधिसत्त्व राजतळ्यात खेकड्याच्या कुळात जन्मला होता.

तळ्याच्या वरच्या अंगाला राजाची भातखाचरे होती. शेतअधिकारी भद्रघोषाने अळी मारण्यासाठी एका विषारी मुळीचा काढा त्यांवर शिंपला. अळी मेली. मग खाचरांचे पाणी तळ्यात उतरले आणि चतुरांची पिल्ले, झिंगे, पाणकिडे मेले. त्यांच्यापैकी कोणी भाताचे पानसुद्धा कधी कुरतडले नव्हते. उरलेसुरले जीव झऱ्याच्या मुखाशी, जिथे ताजे पाणी येई, तिथे दाटीवाटीने राहू लागले. डासांच्या अळ्या खाणारे कोणी न उरल्याने डासांचे मात्र चांगले चालले होते.

"तळे कसे आरशासारखे झाले!" असे म्हणत भद्रघोषाने राजाला जलदर्शनाला बोलावले. त्या दिवशी सकाळी, एकही अळी राजाच्या नजरेस पडू नये म्हणून, उरलेला काढा त्याने थेट तळ्यात ओतला.

राजा आला, गालावर चापट मारून एक डास मारला आणि म्हणाला, "वा! एक किडा नाही."

तेवढ्यात पुरोहित म्हणाले, "आता रिवाजाप्रमाणे पहिली ओंजळ तळे दाखवणाऱ्या अधिकाऱ्याने प्यायची."

हा रिवाज भद्रघोष उत्साहाच्या भरात साफ विसरला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. जीव आणि नोकरी यांत निवड करायची वेळ आल्यावर त्याने, बऱ्याच अधिकाऱ्यांप्रमाणे, नोकरी निवडली. तो पाण्यात उतरला आणि ओंजळ भरली.

झऱ्यापाशी म्हातारी गोगलगाय खेकड्याला म्हणाली, "पिऊ दे मेल्याला! माझे सगळे शेजारी मारले याने."

"तो मेला तर ते परत येतील का गं?"

"नाही. पण मला बरे वाटेल."

"तेवढ्यासाठी माणूस मारायचा?"

"अरे दादा, त्या पाण्यात शिरलास तर तूही मरशील!"

"म्हणूनच घाईने जातो," असे म्हणून बोधिसत्त्व धावला. खेकडाच असल्यामुळे आडवा धावला. विषाने त्याचे पाय लुळे पडू लागले. तरी त्याने भद्रघोषाचा अंगठा गाठला आणि सारे बळ एकवटून चिमटा घेतला.

"आई गं!" ओंजळ सांडली. भद्रघोष काठावर आला तो अंगठ्याला लोंबणाऱ्या खेकड्यासह. शिपायाने काठी उगारली.

"मारू नका!" भद्रघोष ओरडला. "महाराज, पाण्यात विष आहे. मीच ओतले. याने मला वाचवले."

राजाने खेकड्याला झऱ्याच्या पाण्यात सोडायला लावले, खाचरांच्या पाण्याची वाट बंद करून झऱ्याचा पाट मोकळा केला आणि हुकूम काढला: यापुढे जो पाणी शुद्ध असल्याचे सांगेल, त्याने त्यातले किडे राजाला दाखवावेत. भद्रघोषाला तळ्यावरच नेमले. पावसाळा सरेपर्यंत तो एकेका चतुराच्या पिल्लाचे पाहुण्यासारखे स्वागत करू लागला. गोगलगायीला तेही बरे वाटले, पण तिने तसे कबूल केले नाही.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रघोष म्हणजे किडे मारायला विहाराच्या टाक्यात धुरीची राख ओतणारा आपला सुमेध. ती गोगलगाय म्हणजे त्याच्यावर चिडलेली उपासिका कालिंदी. खेकडा मी होतो. ज्याने आपले घर नासवले, त्याच्याही जिवासाठी धावणे, यालाच मैत्री म्हणतात. चिमटा तिच्या आड येत नाही."