ठकूची कोरडी विहीर

हिंगणमाळच्या वेशीबाहेर ही अर्धवट विहीर दिसते ना पाव्हणं, हिला पाण्याचा थेंब कधी लागला नाही. तरी गावानं ती बुजवली नाही, उलट काठच्या दगडाला शेंदूर फासला. बघा वाकून, पण तोल सांभाळा.

सांगतात ते असं. सटवा खाली उतरून खडक फोडायचा आणि त्याची बायको ठकू काठावर बसून बडबडायची. तिला बोलायला विषय लागत नसे. कावळ्याच्या लग्नात कोण रुसलं, इथपासून तोंडाचा पट्टा सुरू. खणून खणून ओल दिसेना, तेव्हा जाणत्यांनी ठरवलं, हिच्या वायफळ बोलण्यानंच झरा बाजूला सरतो. जाणतेच ते, कुणावर तरी खापर फोडायला हवं होतं. ठकूच्या ते फार मनाला लागलं. पाणी लागेपर्यंत तोंड उघडणार नाही, अशी तिनं गावदेवीपुढं आण घेतली. मग घरात सगळा खुणांचा कारभार. सटवाला आधी बरं वाटलं, पुढं जेवण जाईना म्हणे.

अन् एका सकाळी कड ढासळली. सटवा तळाच्या कपारीत अडकला, वर दगडांचा ढीग. माणसं दोर धरून उतरली, पण कपार नेमकी कुठल्या अंगाला, ते दिसेना. चुकीचा दगड हलला की बाकीचे त्याच्या अंगावर. त्याच्या आवाजाच्या रोखानंच काम करायचं होतं. जाणते वरून सांगू लागले, धीर धर, देवाचं नाव घे. तो हूं म्हणायचा. मग हूंसुद्धा थांबलं.

ठकूचा जीव गोळा झाला. बोलावं तर आण मोडते, गावाचं पाणी जातं. न बोलावं तर धनी जातो. तिनं देवळाकडं एकदा हात जोडले आणि काठावर पालथी पडली.

"अवं, ऐकलं का? आपल्या म्हशीनं आज अंडं घातलं."

तिनं मान आणखी आत घातली.

"निळं हाय. तुमच्या आत्यानं त्याला टोपडं शिवलं."

बऱ्याच वेळानं दगडांआडून क्षीण आवाज आला, "अगं, आपल्याकडं म्हैस हाय कुठं?"

उतरलेली माणसं त्या बाजूला सरकली. ठकू थांबली नाही. अंडं फुटलं, त्यातून रेडकू निघालं, ते सरपंचाच्या पगडीत जाऊन बसलं. सटवा चिडून एकेक गोष्ट खोडून काढत राहिला आणि माणसं एकेक दगड काढत राहिली. दिवस कलता कलता त्याला वर घेतलं. पाय मोडला होता, वाद मात्र अजून संपला नव्हता.

पाणी काही लागलं नाही. बायका ओढ्यावरूनच घागरी आणत राहिल्या, पण ठकूला कुणी बोल लावला नाही. देवीलाही राग आला नसावा, कारण दोघं पुढं पिकल्या केसांपर्यंत भांडत जगली.

आजही आमच्याकडं कुणी विहिरीत उतरला की त्याच्या घरचं माणूस काठावर बसून वाट्टेल ते बरळतं. शहाणपणाचं एक अक्षर बोलायचं नाही, असा दंडक आहे. मग खालून वैतागलेला आवाज येतो, "पुरे कर आता!" आणि काठावरच्या बाईच्या जिवात जीव येतो.