टिकलूचा कापूस आणि शालनकाकूंचं पिंप

शेवंती सोसायटीत एक बदामाचं झाड होतं. झाडावर एक घरटं होतं. घरट्यात टिकलू राहायचा. टिकलू म्हणजे खारीचं एवढंसं पिल्लू. शेपटी मोठी, टिकलू छोटा.

टिकलूला एक ताई होती. ताईने त्याच्यासाठी कापूस आणला होता. मऊ मऊ कापूस. टिकलू कापसावर डोकं ठेवायचा. ताई त्याच्या पाठीवर शेपटी टाकायची. मग टिकलू झोपायचा.

मग ताई आजारी पडली. मग ताई गेली. आता ताई नाही. कापूस आहे. कापसाला ताईचा वास आहे. टिकलू कापसात नाक खुपसतो, तेव्हाच त्याला झोप येते.

एका दुपारी वारा आला. सूंऽऽ सूंऽऽ. कापूस उडाला. गरगर फिरला. तळमजल्यावर शालनकाकूंच्या गॅलरीत पडला. गॅलरीत एक मोठं निळं पिंप होतं. कापूस पिंपामागे गेला आणि अडकला.

टिकलू धावला. तुरुतुरु तुरुतुरु. त्याने पिंपाला डोकं लावलं. ढकललं. पिंप कुठलं हलतंय.

शालनकाकू स्टुलावर बसल्या होत्या. काकू नळाकडे बघत होत्या. नळ काकूंकडे बघत होता.

टिकलू म्हणाला,
"काकू काकू, पिंप हलवा.
पिंप हलेना, म्हणून कापूस मिळेना.
कापूस मिळेना, म्हणून मला झोप येईना."

काकूंनी आधी सगळं गाऱ्हाणं सांगितलं. कालही पाणी नव्हतं. भांडी तशीच पडलीत. समोरच्या बिल्डिंगला मात्र कसं धो धो येतं.

मग म्हणाल्या, "पाणी आलं की पिंप नळाखाली घेईनच. आता हलवू, मग परत हलवू, दोनदा कंबर कोण मोडून घेईल? मी नाही हलवणार. जा, वॉचमनला पंप लावायला सांग."

टिकलू गेला. तुरुतुरु तुरुतुरु.

वॉचमन दगडूकाका फाटकाशी बसले होते. शिट्टी गळ्यात होती. पाय दुसऱ्या खुर्चीवर होते.

टिकलू म्हणाला,
"काका काका, पंप लावा.
पंप लागेना, म्हणून पाणी येईना.
पाणी येईना, म्हणून पिंप हलेना.
पिंप हलेना, म्हणून कापूस मिळेना.
कापूस मिळेना, म्हणून मला झोप येईना."

दगडूकाकांनी सुस्कारा सोडला. पाणी नाही की सगळे त्यांनाच ओरडतात. पाणी आलं की चहा कोणी विचारत नाही.

मग म्हणाले, "पंपाच्या खोलीच्या दारात स्कूटर उभी आहे. दार उघडायचं कसं? मी नाही लावणार. जा, मोहितेंना सांग. आधी स्कूटर सरकवा म्हणावं."

टिकलू गेला. तुरुतुरु तुरुतुरु.

मोहितेकाका स्कूटर पुसत होते. पुस पुस पुस. मोहितेकाका स्कूटर रोज पुसतात. चालवतात कधी कधी.

टिकलू म्हणाला,
"काका काका, स्कूटर सरकवा.
स्कूटर सरकेना, म्हणून पंप लागेना.
पंप लागेना, म्हणून पाणी येईना.
पाणी येईना, म्हणून पिंप हलेना.
पिंप हलेना, म्हणून कापूस मिळेना.
कापूस मिळेना, म्हणून मला झोप येईना."

मोहितेकाकांनी बोट वर केलं. वर दोरीवर धुणं होतं. धुण्याखाली त्यांची स्कूटरची जागा होती. टप टप, टप टप. परवा ते ओल्या सीटवर बसले. पँट मागून भिजली. ऑफिसात सगळे हसले. टिकलूलाही हसू आलं, पण त्याने ते गालात दाबलं.

"माझी काय हौस आहे का इथे लावायची?" मोहितेकाका म्हणाले. "मी नाही सरकवणार. जा, कुंदाला सांग. आधी धुणं काढ म्हणावं."

टिकलू पाइपावरून चढला. तुरुतुरु तुरुतुरु.

कुंदामावशी पहिल्या मजल्यावर राहायची. ती साठवलेल्या पाण्यात धुतलेली चादर झटकत होती. फट् फट्. टिकलूच्या मिशीवर पाणी उडालं.

टिकलू म्हणाला,
"मावशी मावशी, धुणं काढा.
धुणं निघेना, म्हणून स्कूटर सरकेना.
स्कूटर सरकेना, म्हणून पंप लागेना.
पंप लागेना, म्हणून पाणी येईना.
पाणी येईना, म्हणून पिंप हलेना.
पिंप हलेना, म्हणून कापूस मिळेना.
कापूस मिळेना, म्हणून मला झोप येईना."

कुंदामावशीने कमरेवर हात ठेवले. तिची चांगली दोरी मागच्या बाजूला होती. छान ऊन यायचं. पण आता तिथे कबुतरं बसतात. बसतात ती बसतात, वरून शी करतात. मावशी चादर धुते, कबुतरं ठिपके काढतात. मावशी परत धुते, कबुतरं परत ठिपके काढतात.

"मोहितेभाऊजींना सांग, पँट वाळते, ठिपके जात नाहीत," मावशी म्हणाली. "मी नाही काढणार. जा, आधी कबुतरांना उडव."

टिकलू मागे गेला. तुरुतुरु तुरुतुरु.

दोरीवर कबुतरं होती. जाडी जाडी. खाऊन खाऊन मान गेलेली. घुटर्र घूं, घुटर्र घूं.

टिकलू म्हणाला,
"कबुतरांनो कबुतरांनो, उडा.
कबुतरं उडेनात, म्हणून धुणं निघेना.
धुणं निघेना, म्हणून स्कूटर सरकेना.
स्कूटर सरकेना, म्हणून पंप लागेना.
पंप लागेना, म्हणून पाणी येईना.
पाणी येईना, म्हणून पिंप हलेना.
पिंप हलेना, म्हणून कापूस मिळेना.
कापूस मिळेना, म्हणून मला झोप येईना."

कबुतरांचीही कुरकुर होती. दोरी बारीक आहे. झोके बसतात. मुलं खाली क्रिकेट खेळतात, दुपारची झोप मोडते.

"पण वरून दाणे पडतात," कबुतरं म्हणाली. "दाणे पडतात तोवर आम्ही नाही उडणार. जा, तात्याआजोबांना सांग. घुटर्र घूं."

टिकलू वर चढला. तुरु... तुरु... पाय दुखत होते. डोळे मिटत होते. पण कापसाशिवाय झोप कशी येणार?

सगळ्यात वरच्या मजल्यावर तात्याआजोबा राहायचे. एकटेच. खिडकीत बसून मूठ मूठ दाणे टाकत होते.

टिकलू म्हणाला,
"आजोबा आजोबा, दाणे थांबवा.
दाणे थांबेनात, म्हणून कबुतरं उडेनात.
कबुतरं उडेनात, म्हणून धुणं निघेना.
धुणं निघेना, म्हणून स्कूटर सरकेना.
स्कूटर सरकेना, म्हणून पंप लागेना.
पंप लागेना, म्हणून पाणी येईना.
पाणी येईना, म्हणून पिंप हलेना.
पिंप हलेना, म्हणून कापूस मिळेना.
कापूस मिळेना, म्हणून मला झोप येईना."

तात्याआजोबांनी कुरकुर केली नाही. सबंध सोसायटीत ते पहिलेच. ते टिकलूकडे बघत राहिले.

"अशीच एक खार यायची माझ्याकडे," आजोबा म्हणाले. "मी शेंगदाणा ठेवायचो. अर्धा ती इथे बसून खायची. अर्धा तोंडात धरून घेऊन जायची. कुणासाठी न्यायची, कोण जाणे."

टिकलू हळूच म्हणाला, "माझ्यासाठी."

आजोबांनी मुठीतल्या दाण्यांकडे बघितलं.

मग म्हणाले, "आता ती येत नाही. मी शेंगदाणे ठेवले. मग ज्वारी टाकली. मग तांदूळ टाकले. येतात ती कबुतरंच. पण मी टाकतो. कधीतरी ती येईल."

"ती माझी ताई होती," टिकलू म्हणाला. "ताई गेली, आजोबा. ती येणार नाही."

आजोबांनी मूठ उघडली. दाणे परत डब्यात टाकले. झाकण लावलं. टक्.

"आणि तू रे?" आजोबांनी विचारलं. "तू येशील?"

"मी येईन," टिकलू म्हणाला.

मग काय झालं?

दाणे थांबले, म्हणून कबुतरं उडाली. फडफड फडफड. पलीकडच्या बिल्डिंगला गेली कुरकुर करायला.
कबुतरं उडाली, म्हणून धुणं निघालं. चादर मागच्या दोरीवर, उन्हात.
धुणं निघालं, म्हणून स्कूटर सरकली. मोहितेकाकांनी आधी वर बघितलं. मग सीटला हात लावला. मग परत वर बघितलं. मग लावली.
स्कूटर सरकली, म्हणून पंप लागला. घुर्रर्र.
पंप लागला, म्हणून पाणी आलं. खळखळ खळखळ.
पाणी आलं, म्हणून पिंप हललं. शालनकाकूंनीच हलवलं, एकदाच.
पिंप हललं, म्हणून कापूस मिळाला.

काकूंनी कापूस उचलला. फू करून धूळ उडवली. "एवढंसं तर होतं," काकू म्हणाल्या. "आधी नाही का सांगायचंस?"

टिकलूने कापूस तोंडात धरला. काकू नळाकडे वळल्या. म्हणाल्या, पाण्याला जोर जरा जास्तच आहे.

टिकलू कापूस घेऊन घरट्यात गेला. त्याने कापसात नाक खुपसलं. वास होता. थोडा धुळीचा, बाकी ताईचा. त्याने स्वतःची शेपटी स्वतःच्या पाठीवर टाकली.

कापूस मिळाला, म्हणून टिकलूला झोप आली.

दुसऱ्या दिवशी टिकलू आजोबांच्या खिडकीत गेला. तिथे एकच शेंगदाणा होता. अर्धा त्याने तिथेच बसून खाल्ला. कुटुर कुटुर. आजोबा त्याच्याशी बोलत होते. अर्धा त्याने तोंडात धरला आणि घरट्यात नेला. कापसाशेजारी ठेवला. ताई आणायची, तसा.

टिकलूचा डोळा लागला, आता गोष्टीचाही लागला.