बेवारस बॅग

निवृत्त राजदूत दिनकरराव रणनवरे विद्यापीठात राज्यशास्त्राची तोंडी परीक्षा घ्यायला आले, की आपली चामड्याची बॅग खुशाल विद्यार्थ्याच्या खुर्चीवर ठेवत. पोरं उभ्याउभ्याच घाम पुसत उत्तरं देत. विभागप्रमुख मॅडमना ते दिसत होतं, पण एवढ्या मोठ्या पाहुण्याला बोलणार कोण?

त्या दिवशी चौघांना नापास करून झाल्यावर बार्शीची शमीम तांबोळी आत आली. साहेबांनी तिलाही तोच प्रश्न टाकला. "बलाढ्य देशाने शेजारच्या चिमुकल्या देशाची जमीन बळकावली. चिमुकल्याकडे ना फौज, ना पैसा. जमीन परत कशी मिळवशील? आणि संयुक्त राष्ट्रांचं नाव काढू नकोस. तिथले ठराव मी रद्दीत गेलेले पाहिलेत."

शमीमने खुर्चीकडे पाहिलं आणि ती एकदम दोन पावलं मागे सरली.

"मॅडम, ही बेवारस बॅग कुणाची? वॉचमनकाकांना बोलावू का?"

"बेवारस कसली? माझी आहे ती!" म्हणत साहेबांनी झडप घालून बॅग मांडीवर घेतली.

शमीम रिकाम्या खुर्चीत ऐसपैस बसली.

"अशी मिळवायची, सर. आपण भांडायचं नाही. चारचौघांत फक्त विचारायचं, हे कुणाचं?"

मॅडमनी हसू लपवायला गुणपत्रक तोंडासमोर धरलं. साहेब फणकारले, "आणि मी बॅग उचललीच नसती तर?"

"तर मी उभी राहिले असते, सर. पण का उभी होते, ते वॉचमनकाकांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या विद्यापीठाला सांगितलं असतं."

पुढचा विद्यार्थी आत आला, तेव्हा बॅग साहेबांच्या पायाशी होती.