बावीस कॅरेटची तोटी

सन २००७, माघातली कडक थंडी. मी दागिन्यांना मुलामा चढवायचो. आमच्या आळीतल्या गोजराबाईने लेकीच्या लग्नासाठी दोन तोळे जुने सोने मोडून मुरलीधरशेठकडून पाटली घेतली. ती तिने मला दाखवली. मी तिला आतून कानस मारली, तर तांबे!

आम्ही दुकानात गेलो. शेठने पाटली सोने तपासायच्या यंत्रात ठेवली. यंत्राने आकडा दाखवला, बावीस कॅरेट. शेठ भर दुकानात गरजला, “म्हातारबा, हे यंत्र किरण सोडतं, परत येणाऱ्या किरणांवरून धातू ओळखतं. तुझी कानस काय ओळखणार?”

मी घरी मोरीच्या पितळी तोटीवर सोन्याचा जाड मुलामा चढवला. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन ती शेठच्या यंत्रात ठेवली. बावीस कॅरेट!

“शेठ, तोटी ठेवून घ्या. हिच्या वजनाचं सोनं द्या.”

गिऱ्हाइकं खो खो हसली. शेठने गोजराबाईला दोन तोळे सोने परत दिले.